व्याख्यानमालेचे पत्रक दिव्यांग श्रोत्यांनाही वाचता येईल असे कसे करावे?

प्रश्न
वाचनालय_कार्यवाह (सदाशिव पेठ, पुणे)

नमस्कार. आमच्या वाचनालयातर्फे दर हिवाळ्यात पाच दिवसांची व्याख्यानमाला होते आणि तिचे पत्रक तयार करून घेण्याचे काम माझ्याकडे असते. ए-५ आकाराचे, दोन्ही बाजूंनी छापलेले हे पत्रक वृत्तपत्रांत घालून घरोघरी पोहोचवले जाते आणि त्याचेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवरही पाठवले जाते. यंदाच्या बैठकीत एका सभासदांनी असे लक्षात आणून दिले की, आपल्या श्रोत्यांत साठी ओलांडलेले लोक बहुसंख्य आहेत. काहींची दृष्टी मंदावली आहे, काही जण श्रवणयंत्र वापरतात, काहींना चाकाच्या खुर्चीवरून यायचे असते, आणि आपले पत्रक मात्र यांपैकी कोणाचाही विचार करत नाही. मुद्दा सर्वांना पटला, पण उपायावर एकमत झाले नाही.

काहींच्या मते नेहमीचे पत्रक आहे तसेच ठेवून दिव्यांगांसाठी ब्रेलमध्ये आणि मोठ्या अक्षरांत निराळे पत्रक काढावे. इतरांचे म्हणणे असे की, तेवढा निधी नसल्यामुळे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह आणि एक क्यूआर कोड छापला म्हणजे पुरे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, परंतु बैठकीत मांडता येईल असे नेमके उत्तर माझ्यापाशी नाही.

सध्याच्या पत्रकावर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल मथळा असतो, मजकुरामागे फिकट केलेले सरस्वतीचे चित्र असते, पाच वक्त्यांची छायाचित्रे व परिचय असतात आणि तळाशी विश्वस्तांची नावे बारीक अक्षरांत असतात. अक्षर किती मोठे असावे, कोणते रंग टाळावेत, ब्रेलची आवश्यकता आहे का, आणि कायद्याने आमच्यावर काही बंधन येते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


प्रतिसाद १
नारायणपेठी_मुद्रक

महोदया, अक्षरजुळणी आणि ऑफसेट छपाई हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे मी फक्त कागदापुरते लिहितो.

आपल्या पत्रकातील पहिली अडचण रंगांची नसून गर्दीची आहे. ए-५ म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर; तेवढ्यात पाच छायाचित्रे, पाच परिचय, प्रायोजकांची बोधचिन्हे आणि संपूर्ण विश्वस्त मंडळ बसवायचे म्हटले की डीटीपी करणाऱ्यापुढे अक्षर लहान करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. विश्वस्तांची नावे काढा, असे सुचवण्याचे धाडस पुण्यात सहसा कोणी करत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तरीही जागा तिथेच अडलेली असते. परिचय प्रत्येकी एका ओळीवर आणले आणि नावे संकेतस्थळावर नेली, तर अक्षराचा प्रश्न निम्मा सुटेल.

इंग्रजी पत्रकांसाठी किमान १२ पॉइंट (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप), शक्यतो १४ पॉइंट, असा संकेत आहे. देवनागरीत १२ पॉइंटांवर भागवू नये, कारण शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार यांच्यासाठी जागा राखावी लागते आणि त्यामुळे त्याच पॉइंटात अक्षराचा मूळ देह लहान उतरतो. माझ्या मते मुख्य मजकूर १४ पॉइंटांच्या खाली जाऊ नये, आणि तारीख, वेळ, स्थळ व संपर्क हे १६ ते १८ पॉइंटांत असावेत. १४ पॉइंटांच्या अक्षराला ओळींमधले अंतर २० किंवा २१ पॉइंट ठेवावे. त्याहून कमी ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट विनामूल्य आहेत, युनिकोडमधले, म्हणजे कोणत्याही संगणकाला व फोनला देवनागरी म्हणूनच ओळखता येणारे, आहेत आणि त्यांची जोडाक्षरे स्वच्छ उमटतात. मथळा उठून दिसावा म्हणून अक्षरांभोवती जाड कड लावण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. ओळ भरण्यासाठी अक्षरांतले अंतर ताणले तर शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध दिसत नाही. मजकूर डावीकडून सरळ सुरू व्हावा. निमंत्रणपत्रिकेसारख्या मध्याशी जुळवलेल्या ओळींत पुढची ओळ कुठे सुरू होते हे मंददृष्टी वाचकाला दर वेळी शोधावे लागते.

आता रंग. संकेतस्थळांच्या सुगमतेसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावा असे सांगितले आहे. हे माप पडद्यासाठी ठरवलेले असले तरी छपाईलाही अंदाजासाठी वापरता येते. काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे धरले तर हे गुणोत्तर २१ ला १ येते. आपला पिवळ्यावरचा शुद्ध लाल साधारण ३.७ ला १ येतो, म्हणजे मोठ्या मथळ्यापुरता चालतो, पण बारीक मजकुराला नाही. पांढऱ्यावरचा केशरी जेमतेम २ ला १ भरतो. सर्वांत वाईट जोडी गडद हिरव्यावर लाल ही होय: ती दीड ला १ इतकीसुद्धा भरत नाही, आणि लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्या वाचकाला तर तिथे काही छापले आहे हेच कळत नाही. याच कारणाने ‘लाल रंगातील व्याख्याने सशुल्क’ अशा सूचना करू नयेत. ‘सशुल्क’ हा शब्द त्या त्या व्याख्यानापुढे लिहावा.

एक गोष्ट पडद्यावर कधीच दिसत नाही. गडद चौरंगी पट्टीवर पांढरी बारीक अक्षरे ठेवली, ज्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो, आणि छापताना रजिस्टर, म्हणजे निरनिराळ्या शाईंचे एकमेकींवर नेमके बसणे, केसभर जरी हलले, तरी शाई अक्षरात शिरते आणि अनुस्वार व रफार नाहीसे होतात. म्हणून बारीक मजकूर नेहमी एकट्या काळ्या शाईत, मोकळ्या कागदावर छापावा. सरस्वतीचे चित्र अवश्य ठेवावे, परंतु मजकुराच्या मागे नव्हे, शेजारी. चकचकीत आर्ट पेपरवर ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो. त्याऐवजी मॅट कागद घ्यावा. फार पातळ कागदावर मागची छपाई पुढे दिसते, आणि ज्यांची बोटे आखडलेली आहेत त्यांना तो धरताही येत नाही.


प्रतिसाद २
बोलका_फोन (कोथरूड)

वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे आणि मला स्वतःला त्याचा काडीचाही उपयोग नाही, हे मी हसत हसतच लिहीत आहे. मी पूर्णतः दृष्टिहीन आहे. वृत्तपत्रातून पडलेले पत्रक कोणत्याही पॉइंटात असले तरी माझ्या हाताला ते कोरेच लागते.

तेच पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर येते तेव्हा माझ्या फोनमधील टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय, एवढेच सांगतो की अमुक व्यक्तीने फोटो पाठवला आहे. चित्रातील अक्षरे ओळखून वाचणारी अ‍ॅप आहेत आणि मी ती वापरतो. परंतु वळणदार सुलेखन, अक्षरांमागचे चित्र आणि तिरप्या पट्ट्या आल्या की त्यांचे वाचन अडखळते, आणि नेमके वेळ किंवा दूरध्वनी क्रमांक चुकीचे ऐकू येतात. यावरील उपाय फुकट आहे. चित्रासोबत संपूर्ण मजकूर टंकून पाठवावा. पूर्ण म्हणजे खरोखर पूर्ण; ‘अधिक माहितीसाठी चित्र पाहा’ असे नव्हे.

हा मजकूर कानाने ऐकला जाणार आहे हे लक्षात ठेवून लिहावा. ‘सायं. ६ वा.’ याऐवजी ‘सायंकाळी ६ वाजता’, आणि ‘५/१’ याऐवजी ‘सोमवार, ५ जानेवारी’ असे लिहिले म्हणजे फोन ते नीट वाचतो. मथळ्याच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या आणि दिव्यांच्या चित्रचिन्हांच्या रांगा लावू नयेत. आपल्याला ती सजावट दिसते. मला मात्र व्याख्यानाचा विषय कळण्यापूर्वी प्रत्येक फुलाचे नाव ऐकावे लागते.

पीडीएफबाबत विशेष सावध राहावे. छापखान्यात पाठवण्यापूर्वी फाइल ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांचे रूपांतर नुसत्या आकृत्यांत होते. छपाईसाठी ते सोयीचे असेल, पण त्या फाइलमध्ये वाचण्यासारखे एकही अक्षर उरत नाही. युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांत केलेल्या फाइलींत अक्षरे असतात, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हे असल्यामुळे जे ऐकू येते ते कोणत्याच भाषेत बसत नाही. युनिकोड असूनही पीडीएफमधील देवनागरीत कधी कधी वेलांट्यांचा क्रम बिघडतो. त्यामुळे पीडीएफपेक्षा संकेतस्थळावरील साधे पान आणि साधा संदेश मला अधिक भरवशाचा वाटतो.

ब्रेलविषयी माझे मत बहुधा आपल्या बैठकीला अनपेक्षित वाटेल. वृत्तपत्रात घालायच्या पत्रकांवर ब्रेल उठवण्यात अर्थ नाही. ब्रेलचा आकार ठरावीक असतो, तो बारीक करता येत नाही, म्हणून ए-५ कागदावर फार थोड्या ओळी मावतात; त्याला जाड कागद लागतो, आणि गठ्ठ्यात दाबले गेले की ठिपके बसतात. शिवाय उतारवयात दृष्टी गेलेल्यांपैकी अनेकांना ब्रेल येतच नाही. मात्र कार्यक्रमस्थळी व्याख्यानांच्या यादीच्या थोड्या ब्रेल प्रती असाव्यात, कारण ज्यांना दृष्टी आणि श्रवण दोन्ही नाहीत त्यांच्यापर्यंत माझा बोलका फोनही पोहोचत नाही. पुण्यात विद्यानगरला निवांत अंध मुक्त विकासालयात ब्रेलचे काम होते, तिथे चौकशी करता येईल.

क्यूआर कोड चांगला, पण तो कागदावर कुठे आहे हे मला कसे समजावे? तो नेहमी उजव्या खालच्या कोपऱ्यात असावा आणि तोच कोपरा तिरका कापलेला असावा; म्हणजे बोटाने कोपरा शोधून फोन धरता येतो, आणि कागद सुलट धरला आहे हेही कळते. कोड उघडल्यावर पुन्हा तेच चित्र येणार असेल तर मात्र एवढा खटाटोप करू नये.


प्रतिसाद ३
नारायणपेठी_मुद्रक

कोपरा कापण्याची सूचना मला फार आवडली. गठ्ठा कटिंग मशीनवर तिरका धरून एकाच वेळी कापता येतो, त्यामुळे खर्च नगण्य येतो. मात्र तसे छपाईपूर्वी सांगावे, म्हणजे मजकूर त्या कोपऱ्यापासून दूर ठेवता येतो. कोडची बाजू दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावी आणि त्याच्या चारही बाजूंना पांढरी मोकळी जागा सोडावी. तिच्यात बोधचिन्ह किंवा नक्षी शिरली तर फोनला कोडची कड सापडत नाही. पाठीमागे दुसरा कोड छापू नये.

कर्व्हच्या फाइलविषयीचा आक्षेप मान्य आहे. ग्राहकाने मूळ फाइल आणि टंकलेला मजकूर दोन्ही मागून घ्यावेत, ते देण्यास कोणत्याही छापखान्याची हरकत असण्याचे कारण नाही.


प्रतिसाद ४
मागची_रांग

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि पत्रक वाचण्यात काहीच अडचण नाही. अडचण सुरू होते ती ‘नावनोंदणीसाठी संपर्क’ या शब्दांपुढे फक्त दूरध्वनी क्रमांक असतो तेव्हा. त्याच क्रमांकापुढे ‘व्हॉट्सअ‍ॅप किंवा एसएमएस चालेल’ एवढे लिहिले तरी मला कोणाच्या मध्यस्थीवाचून नाव नोंदवता येते.

दुसरे असे की, व्याख्यान मला समजेल का, याचे उत्तर पत्रकातच मिळाले पाहिजे. भाषण चालू असताना पडद्यावर मजकूर उमटणार आहे का, सांकेतिक भाषेचे दुभाषी असणार आहेत का, श्रवणयंत्राच्या ‘टी’ बटणावर आवाज मिळेल अशी तारेच्या वेटोळ्याची सोय सभागृहात आहे का, पुढच्या रांगेत जागा राखली आहे का? यांतील काहीच नसेल तर तसे लिहावे. मग निदान दोन तास टाळ्या पाहत बसण्याची वेळ येत नाही.

जे जन्मापासून बहिरे आहेत त्यांच्यापैकी अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी ते नंतर शिकलेले असतात. ‘आपल्या ओघवत्या व रसाळ वाणीने श्रोत्यांना मंत्रमुग्ध करणारे’ या विशेषणमालेतून त्यांना विषय शोधावा लागतो. ‘विषय’, ‘वक्ते’, ‘दिवस’, ‘वेळ’, ‘ठिकाण’ असे शब्द आधी आणि माहिती पुढे, अशी मांडणी त्यांना सोपी जाते. बौद्धिक दिव्यांगता किंवा वाचनदोष असलेल्यांनाही तीच उपयोगी पडते, आणि विशेषणे गेल्यावर मुद्रकांना हवी असलेली जागाही मिळते.


प्रतिसाद ५
उतार_एकास_बारा

मी वास्तुरचनाकार आहे, म्हणून चिन्हाविषयी आणि कायद्याविषयी लिहितो.

चाकाच्या खुर्चीचे चिन्ह हे आश्वासन आहे. रस्त्यापासून आसनापर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंतचा संपूर्ण मार्ग खुर्चीला खुला असेल तरच ते छापावे. प्रवेशद्वारी उतार आहे पण सभागृह पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, अशा ठिकाणी त्या चिन्हावर विसंबून आलेला माणूस रिक्षाचे भाडे भरून परत जातो. चिन्हापेक्षा दोन प्रामाणिक वाक्ये बरी: किती पायऱ्या, उतार कुठे, दरवाजा किती रुंद, स्वच्छतागृह कसे, वाहन कुठपर्यंत येते. पेठांतील रस्ते ठाऊक असल्याने सांगतो, ‘सभागृहासमोर वाहनतळ नाही, मात्र प्रवेशद्वाराशी उतरता येईल’ ही माहितीसुद्धा मोलाची असते. मेट्रोने येणाऱ्यांसाठी स्थानकाचे नाव द्यावे. परंतु स्थानकापासूनचा पदपथ स्वतः चालून पाहिल्याशिवाय ‘पाच मिनिटांच्या अंतरावर’ असे लिहू नये.

आपल्या सभागृहाला पायऱ्या असतील तर तात्पुरता उतार करण्याची कल्पना पुढे येईल. एकास बारा हे प्रमाण धरावे, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. दर पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्यांसाठी ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. दोन फळ्या टाकून तो होत नाही. तसे केल्यास खुर्ची मागे कलंडते.

कायद्याबाबत थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते आता २१ झाले आहेत, आणि त्यांत वाचनदोषासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमताही येतात. त्याचे ४२ वे कलम श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध व्हावा यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. आपल्या पत्रकाच्या अक्षराचा आकार त्या कलमात ठरवून दिलेला नाही. आपण हे दंडाच्या भीतीने करत नसल्यामुळे त्याने फारसा फरक पडू नये. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. नेमका कायदेशीर प्रश्न उद्भवल्यास तिथे लेखी विचारणा करावी.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
वाचनालय_कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निराळ्या पत्रकाची कल्पना मला का पटत नव्हती, याचे उत्तर मिळाले: ज्याची दृष्टी थोडीशी मंदावली आहे तो स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाही आणि दिव्यांगांसाठीचे पत्रक मागायलाही येत नाही. त्यामुळे पत्रक एकच राहील. विश्वस्तांनी, काहीशा नाराजीने का होईना, आपली नावे संकेतस्थळावर नेण्यास संमती दिली आहे. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, पण अंगणाच्या बाजूच्या दाराला १२ सेंटिमीटरची एकच पायरी आहे, असे मोजल्यावर कळले.

पत्रकासोबत पाठवायचा संदेश मी पुढीलप्रमाणे लिहिला आहे. त्यात काही राहिले असल्यास कळवावे.

‘विषय: पुण्याचा पाणीपुरवठा, पूर्वीचा आणि आजचा. दिवस: सोमवार, ५ जानेवारी. वेळ: सायंकाळी ६ ते ७.३०. ठिकाण: वाचनालयाचे सभागृह, तळमजला. प्रवेश विनामूल्य. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. अंगणाच्या दाराला लाकडी उतार आहे. स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे, पण त्याचा दरवाजा अरुंद असून चाकाची खुर्ची आत जात नाही. सांकेतिक भाषेचे दुभाषी नाहीत. भाषणाचा मजकूर पडद्यावर दिसेल. पुढची रांग कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखीव आहे. संपर्क: फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅप.’


प्रतिसाद ६
उतार_एकास_बारा

१२ सेंटिमीटरसाठी १.४४ मीटर, म्हणजे सुमारे दीड मीटरचा उतार पुरेल. तो दारापेक्षा अरुंद नसावा आणि दोन्ही कडांना पट्टी ठोकावी. स्वच्छतागृहाविषयी आपण जे लिहिले आहे ते काढू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.


प्रतिसाद ७
बोलका_फोन

मजकूर ऐकला, एकदाही अडखळलो नाही. दोनच सूचना. अंगणाचे दार पुढच्या दाराकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवीकडे आहे की डावीकडे, आणि साधारण किती पावलांवर, हे लिहावे. आणि पाच व्याख्यानांचे पाच संदेश एकदम न पाठवता ज्या त्या दिवशी सकाळी एक पाठवावा, कारण गटांवरील शुभेच्छांच्या चित्रांतून मागचा संदेश शोधून काढायला मला डोळस माणसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.


प्रतिसाद ८
नारायणपेठी_मुद्रक

छपाईची प्लेट करण्यापूर्वी प्रूफची, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या नमुन्याची, एक कृष्णधवल झेरॉक्स काढावी. तीत जे पुसट दिसेल ते मंददृष्टी वाचकालाही पुसटच दिसणार. ती प्रत सायंकाळी वाचनालयातील नेहमीच्या दिव्याखाली आपल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांच्या हातात द्यावी आणि वेळ, ठिकाण व संपर्क मोठ्याने वाचायला सांगावे. मध्ये कोणी मदत करू नये. प्लेट झाल्यानंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा ही तपासणी त्याआधीच उरकावी.